हातचे राखून विकलेला माल



खानावळीत राइस प्लेट मागवली की दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि वाटीभर भात ताटात येतो. तिसरी पोळी हवी असेल तर तिचे वेगळे पैसे पडतात आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. कणीक जादा लागली, लाटणारीचे हात जादा राबले, तेव्हा दाम जादा पडले. परंतु उद्या एखाद्या खानावळवाल्याने भाजीत मुद्दाम मीठ न घालता ताट पुढे ठेवले आणि मिठाची पुडी गल्ल्यावर दोन रुपयांना विकायला मांडली, तर रक्कम क्षुल्लक असूनही गिऱ्हाईक संतापेल. जादा पैसे दोन्ही ठिकाणी मागितले गेले. तरी एका ठिकाणी व्यवहार झाला आणि दुसऱ्या ठिकाणी अडवणूक. संगणकावरील व मोबाइलवरील खेळ आणि चित्रपट यांच्या धंद्यात मूळ माल विकून झाल्यावर त्याच्या पुरवण्या निराळ्या दामाने विकण्याची जी पद्धत गेल्या वीस वर्षांत रूढ झाली, तिच्यात तिसरी पोळी किती आणि मिठाची पुडी किती, हे तपासणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे वेतन असे प्रश्न समोर उभे असताना पोरांच्या खेळांचा विचार कशाला, असा त्यांचा आक्षेप असणार. तो समजण्यासारखा आहे. मात्र शेतमालाच्या भावाची चिंता ज्या घरात आहे त्याही घरात आज मुलाच्या हाती मोबाइल असतो आणि त्या मोबाइलला पुष्कळदा आईचे किंवा वडिलांचे बँक खाते जोडलेले असते. शिवाय किंमत आकारण्याची जी तंत्रे खेळांच्या बाजारात पक्की झाली, ती तेथेच थांबलेली नाहीत. बीएमडब्ल्यू या जर्मन मोटार कंपनीने २०२२ मध्ये काही देशांत, मोटारीत आधीच बसवलेली आसन गरम करण्याची सोय मासिक शुल्क भरल्याशिवाय चालू होणार नाही, अशी व्यवस्था केली होती. लोकांच्या रोषामुळे पुढच्या वर्षी ती मागे घ्यावी लागली. गिऱ्हाइकाने तार, यंत्र, आसन सारे विकत घेतले होते; फक्त बटण कंपनीने आपल्याकडे ठेवले होते.

या मालाचे अर्थशास्त्र प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. खेळाची किंवा चित्रपटाची पहिली प्रत तयार करण्यास शेकडो माणसांचे काही वर्षांचे श्रम आणि कोट्यवधी रुपये लागतात. दुसऱ्या प्रतीस जवळजवळ काहीच लागत नाही. त्यामुळे प्रत्येक नगाचा उत्पादनखर्च काढून त्यावर वाजवी नफा चढवण्याची व्यापारी रीत येथे लागू पडत नाही. ज्याची जितकी देण्याची तयारी त्याच्याकडून तितके काढावे, हीच मग किंमत ठरवण्याची कसोटी बनते. ही कसोटी स्वतः अन्यायाची आहे असे म्हणता येणार नाही. नव्या चित्रपटाला पहिल्या आठवड्यात बाल्कनीचे तिकीट काढणारा आणि चार महिन्यांनी तोच चित्रपट घरी स्वस्तात पाहणारा, दोघेही संपूर्ण चित्रपट पाहतात. घाई असलेल्याने घाईचे पैसे मोजले. डिस्ने कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये 'मुलान' हा चित्रपट आपल्या वर्गणीदारांनाही वर आणखी ३० डॉलर घेऊन दाखवला आणि डिसेंबरात तो जादा पैशांविना खुला केला; त्यावर बरीच ओरड झाली, पण तीत फारसे तथ्य नव्हते. ज्यांनी तीन महिने दम धरला त्यांचे काहीही कापले गेले नाही.

कापणे सुरू होते तेथे प्रश्न बदलतो. हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. १८४९ मध्ये ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने, जो अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही पुढे मान्यता पावला, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांबद्दल एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. काही कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना त्या काळी छप्पर नसे व बाके नुसत्या लाकडाची असत. छप्पर घालायला फार पैसा लागतो म्हणून ते घातले जात नव्हते असे नाही, असे द्युपुईचे म्हणणे. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, एवढ्यासाठी तिसऱ्यातल्यांना उन्हापावसात बसवले जाई. गरिबाला त्रास देण्याची कंपनीला हौस नव्हती. त्याच्या त्रासाचा धाक दाखवून वरच्याचा खिसा मोकळा करायचा होता.

भारतीय रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला तो नावापुरता. पाटी बदलली, लाकडी बाके तशीच राहिली. १९७७ मध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या शायिकांवर दोन इंच जाडीचा फोम आला. त्या दोन इंचांनी रेल्वेचे दिवाळे निघाले नाही आणि पहिल्या वर्गाचे प्रवासीही नाहीसे झाले नाहीत. लाकूड उघडे ठेवण्यामागे काटकसरीची सक्ती फारशी नव्हती, हेच यातून दिसले.

आता खेळांकडे येऊ. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या आपल्या गाजलेल्या खेळासाठी घोड्याचे चिलखत विक्रीस काढले. किंमत अडीच डॉलर. चिलखत म्हणजे पडद्यावरील घोड्याच्या अंगावरील चित्र. खेळाच्या कथानकाला त्याची गरज नव्हती. जगभरच्या खेळाडूंनी त्याची यथेच्छ टिंगल केली, ती आजही चालू आहे, आणि त्यातल्या पुष्कळांनी ते विकतही घेतले. त्याच कंपनीने त्याच खेळाला पुढच्या वर्षी 'शिव्हरिंग आयल्स' ही मोठी पुरवणी जोडली. तिच्यात नवा प्रदेश, नवी पात्रे, नवे कथानक होते, आणि सुमारे ३० डॉलर मोजताना फारसे कोणी कुरकुरले नाही. चिलखत महाग पडले, पुरवणी मोठी होती. पण न्यायाच्या दृष्टीने दोन्ही एकाच रांगेत बसतात. ज्याला नको त्याचा मूळ खेळ दोन्ही वेळा अखंड राहिला. भपक्याची हौस असणाऱ्याने भपक्याचे पैसे द्यावेत. त्याबद्दल अर्थशास्त्राने हळहळण्याचे कारण नाही.

सहा वर्षांनी जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन' हा द्वंद्वयुद्धाचा खेळ बाजारात आणला. डिस्क घरी नेऊन ती तपासणाऱ्यांच्या लक्षात आले की बारा योद्धे तिच्यावर आधीच पूर्ण तयार होऊन बसले आहेत, पण कुलपात. कुलूप उघडण्याची किंमत २० डॉलर, आणि तेही काही महिन्यांनी. सर्व खेळाडूंच्या प्रती परस्परांशी जुळाव्यात म्हणून असे केले, असा कंपनीचा खुलासा होता. तो तांत्रिकदृष्ट्या खोटा नसेलही. परंतु चित्रे काढून झाली होती, त्यांना हालचाल देऊन झाली होती, त्या श्रमाचा मोबदला मूळ किमतीत धरला गेला नव्हता असे मानायला आधार नव्हता, आणि गिऱ्हाइकाच्या मालकीच्या तबकडीवर गिऱ्हाइकालाच प्रवेशबंदी होती. हा छप्पर नसलेला डबा आहे. किंबहुना त्याहून वाईट, कारण येथे छप्पर बांधून तयार होते, ते फक्त मिटून ठेवले होते. लोकक्षोभ इतका झाला की दोन महिन्यांत कंपनीला या पद्धतीचा फेरविचार करण्याचे आश्वासन द्यावे लागले.

त्याच मार्च २०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३' या खेळाबरोबर पहिल्याच दिवशी १० डॉलरची पुरवणी आली. तिच्यातील पात्र हे एका नष्ट झालेल्या वंशाचा अखेरचा वारस होते, आणि मालिकेचे सारे रहस्य त्या वंशाभोवती फिरत होते. येथे कंपनीची बाजू जरा अधिक ऐकण्यासारखी आहे. मुख्य खेळ पुरा होऊन तपासणीला गेल्यावर मधल्या काळात ही पुरवणी वेगळी तयार झाली, असे तिचे म्हणणे होते. खेळ छाननीत अडकलेला असताना चित्रकारांनी हातावर हात ठेवून बसावे, असे कोणी म्हणणार नाही. पण त्या पात्राचे काही अंश मूळ डिस्कवर सापडले, आणि खरा सल पैशांचा नव्हता. कथेचा कणाच पुरवणीत जातो तेव्हा पुरवणी न घेणारा वाचक फाटकी कादंबरी वाचत असतो. श्रम नंतर झाले की आधी, एवढ्यावर निवाडा होत नाही. जे विकले ते आपल्यापुरते पुरे होते का, हेही पाहावे लागते.

कंपन्यांचा मुख्य बचाव निराळा आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेत मोठ्या खेळाची दर्शनी किंमत २००५-०६ च्या सुमारास ६० डॉलर झाली, ती २०२० पर्यंत तेथेच राहिली. मधल्या काळात महागाई वाढली, निर्मितीचा खर्च कित्येक पटींनी वाढला. ही तूट पुरवण्यांनी भरून काढली. हौशी श्रीमंताने पोशाखाला पैसे दिले म्हणून सामान्याला खेळ जुन्या दरात मिळाला. काही खेळ तर फुकट मिळतात. यात सत्याचा अंश आहे. तथापि, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीच्या अलीकडच्या उत्पन्नाचा ७० टक्क्यांहून मोठा भाग खेळ विकून झाल्यानंतरच्या चालू सेवांतून येतो. म्हणजे पुरवणी आता तूट भरणारी राहिलेली नाही. तीच धंदा झाली आहे आणि खेळ तिचे दुकान झाले आहे. याच कंपनीचा 'द सिम्स ४' ऑक्टोबर २०२२ पासून फुकट मिळतो, आणि त्याच्या सर्व पुरवण्या दर्शनी किमतीने घ्यायच्या तर हजार डॉलरहून अधिक लागतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे जुनी माणसे म्हणत. येथे कोंबडीचे चार आणेही माफ केले आहेत.

हा वाढीव पैसा निर्मात्या कामगारांपर्यंत पोहोचतो, असेही सांगितले जाते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० लोकांना कामावरून कमी केले. ज्यांनी चिलखते रंगवली त्यांच्या अंगावर कोणतेही चिलखत नव्हते.

येथवर ज्यांचा विचार झाला त्या पुरवण्यांची निदान किंमत तरी कळत होती. पुढचा प्रकार किंमतच लपवण्याचा आहे, आणि चीड यावी ती मुख्यतः येथे. पहिली युक्ती चलनाची. खेळात रुपया चालत नाही. रुपये देऊन खेळातली नाणी घ्यायची आणि नाण्यांनी वस्तू घ्यायची. नाण्यांचे गठ्ठे अशा आकाराचे बांधलेले असतात की वस्तू घेतल्यावर थोडी शिल्लक हमखास उरते आणि ती खर्चण्यासाठी पुढचा गठ्ठा घ्यावासा वाटतो. इंग्लंडातील गिरणीमालक मजुरी रोखीने देण्याऐवजी आपल्याच दुकानात चालणाऱ्या मालाच्या वा चिठ्ठ्यांच्या रूपाने देत, त्याला १८३१ च्या ट्रक कायद्याने बंदी घातली. त्या चिठ्ठीने मजुराची मिळकत जशी मालकाच्या दुकानाला बांधली जाई, तसा हा गिऱ्हाइकाचा पैसा बांधला जातो. फरक एवढाच की आता चिठ्ठी माणूस स्वखुशीने विकत घेतो. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने खेळातील वस्तूंची किंमत खऱ्या चलनात स्पष्ट दाखवावी असे तत्त्व मांडले. बिस्किटाच्या पुड्यावरही कमाल किरकोळ किंमत वाचण्याची सवय झालेल्या भारतीय ग्राहकाला यात नवे काही वाटणार नाही.

दुसरी युक्ती नशिबाच्या पेटीची. इंग्रजीत तिला लूट बॉक्स म्हणतात. मराठीला त्या शब्दाचे भाषांतर करण्याचीही गरज नाही. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते दैवावर. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळात हा प्रकार कळसाला गेला. ६० डॉलर देऊन खेळ घेतलेल्यांना आढळले की डार्थ व्हेडर हे सर्वांना हवे असलेले पात्र मिळवण्यास साठ हजार नाणी लागतात. खेळाडूंनी हिशेब मांडला तो सुमारे चाळीस तासांच्या खेळाचा निघाला. इतका वेळ नसणाऱ्यासाठी पेट्या होत्याच. कंपनीने किंमत पंचाहत्तर टक्के उतरवली, तरी वणवा विझेना, तेव्हा खेळ अधिकृतपणे बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी पैशांचा व्यवहार स्थगित करावा लागला.

वेळेचा हा मुद्दा जरा थांबून पाहण्याजोगा आहे. खेळ करमणुकीसाठी असतो. त्यातील एखादा भाग इतका कंटाळवाणा करायचा की तो टाळण्यासाठी माणसाने पैसे द्यावेत, म्हणजे कंटाळाच उत्पादन म्हणून तयार करायचा. लाकडी बाकाचे हे अत्याधुनिक रूप आहे. ॲमेझॉनने आपल्या चित्रपटसेवेत भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मागितले. वर्गणी तीच, चित्रपट तोच. काल जी शांतता वर्गणीत धरलेली होती ती आज पुरवणी झाली. याउलट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागाची साधी डिस्क ऑगस्ट २००२ मध्ये आणि सुमारे अर्ध्या तासाने वाढवलेली आवृत्ती त्याच नोव्हेंबरात आली. दुसरीची वर्दी पहिल्या डिस्कमध्येच दिलेली होती, वाढीव दृश्यांसाठी संगीतही नव्याने रचले होते, आणि चित्रपटगृहात लोकांनी जो चित्रपट पाहिला तो तसाच शाबूत होता. ही तिसरी पोळी.

नशिबाच्या पेटीचा कायद्याने कसा बंदोबस्त करावा, यावर देशोदेशी एकमत नाही. जपानने २०१२ मध्येच तिचा एक घातक प्रकार, ज्यात ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमल्यावरच बक्षीस मिळे, बेकायदा ठरवला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये विकतच्या पेट्या सरळ जुगार म्हणून घोषित केल्या. नेदरलँड्समध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला ठोठावलेला एक कोटी युरोंचा दंड तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये रद्द केला. आणि बेल्जियमची बंदीही कागदावर जितकी कडक तितकी व्यवहारात नाही: २०२२ च्या एका पाहणीत तेथे सर्वाधिक कमाई करणाऱ्या आयफोनवरील १०० खेळांपैकी ८२ खेळांत पेट्या विकल्या जात असल्याचे आढळले. मुंबईत मटक्यावर धाडी पडत आणि दुसऱ्या दिवशी आकडे लागत, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार.

जो खर्च करतो त्याने शहाणपणाने करावा, सरकारने मध्ये का पडावे, असा प्रश्न उदारमतवादी मंडळी विचारतात. प्रौढ माणसापुरता तो बिनतोड वाटतो. परंतु मोफत खेळांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा अगदी थोड्या खेळाडूंकडून येतो, आणि त्यांना धंद्याच्या भाषेत देवमासे म्हणतात. ज्या धंद्याने गिऱ्हाइकाला शिकारीचे नाव दिले, त्याच्याकडून गिऱ्हाइकाच्या शहाणपणाची चाड धरली जाईल ही अपेक्षा भाबडी आहे. आणि प्रश्न प्रौढांपुरता नाहीच. 'फोर्टनाइट' या खेळाच्या एपिक कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांतील साडेचोवीस कोटी डॉलर हे अनवधानाने दाबलेल्या बटणांतून, आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांनी केलेल्या खरेदीतून वसूल झालेल्या पैशांच्या परताव्यासाठी होते. उरलेला दंड मुलांची खाजगी माहिती गोळा केल्याचा.

शेवटी मालकीचा प्रश्न. पुरवणी न्याय्य दराने घेतली, किंमत उघड होती, तरी ती घेणाऱ्याची झाली काय? युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ चा 'द क्रू' हा मोटार-शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी आपल्या यंत्रणेवरून बंद केला. त्या दिवसापासून तो खेळ आणि त्यासाठी घेतलेल्या सर्व पुरवण्या निकामी झाल्या. ज्यांच्या घरी डिस्क होती त्यांच्याही. याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या युरोपीय निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून एवढे बंधन घातले की ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल तर तेथे 'खरेदी' हा शब्द तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय वापरता येणार नाही. उपाय तोकडा आहे, पण शब्दाला अर्थ असावा ही मागणी तरी मान्य झाली.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा झाला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ज्या पेटीतून फक्त खेळातलेच सामान निघते आणि ते विकून रुपये करता येत नाहीत, ती त्याच्या व्याख्येत बसते की नाही हा वादाचा मुद्दा राहतो. अधिक उपयोगाचे हत्यार अगोदरच हाताशी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक नियम जारी केले आणि तेरा प्रकार नोंदवले. त्यांत थेंबाथेंबाने किंमत उघड करण्याच्या प्रकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात आधीच पैसे दिलेली सेवा आणखी काही विकत घेतल्याशिवाय वापरू न देणे हेही येते. उदाहरणादाखल त्या नियमांनी खेळच घेतला आहे: 'बुद्धिबळ फुकट खेळा' अशी जाहिरात करून सात दिवसांनी पैसे मागणारा मोबाइलवरचा खेळ. डिस्कवरचे कुलूप, खरे दाम झाकणारी नाणी, आदल्या दिवशीपर्यंत वर्गणीत असलेली आणि दुसऱ्या दिवशी विकायला काढलेली शांतता, यांच्यावर ही व्याख्या कितपत चालते हे प्राधिकरणापुढे कोणी तक्रार नेऊन तपासले पाहिजे. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४-७५ पासून आहे. तेल, डाळ आणि साबण यांच्या मापात आणि किमतीत तिने पन्नास वर्षे लक्ष घातले. तिच्या तक्रारपेटीत एखाद्या आईने मुलाच्या मोबाइलवरची पावती आणून टाकली, तर ती रक्कम लहान आहे म्हणून बाजूला ठेवू नये.